आमच्या घरात थ्री चालतो

आमच्या घरात तीन हा आकडा नाही.

एक आहे, दोन आहे, चारपासून पुढं सगळं व्यवस्थित आहे. मधली एक जागा तेवढी रिकामी आहे आणि तिथं गेली चाळीसेक वर्षं थ्री भाड्यानं राहतो.

रेवा, ईशान, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, एका इंग्रजी आकड्याचे जितके उपयोग सापडतील तितके लिहून आणायला सांगितलंय, कुठला आकडा घेऊ?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, थ्री घ्या. तुम्हाला वाटलं, आजी एकतीस वर्षं इंग्रजीच्या बाई होत्या म्हणून पटकन सुचलं. तसं नाही, बाळांनो. या आकड्यानं एकदा मला परक्या माणसाच्या अंगणात घोट्याएवढ्या पाण्यात उभं केलं होतं. त्या दिवशी नेमकं काय झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. कुणी म्हणजे मी.

हा नियम आमच्या अक्कांचा. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, संतोषकाकाची आई. त्यांच्या मते तीन हा आकडा घरात उच्चारला की काम नासतं. ताटात तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, तीन लाडू द्यायचे नाहीत, शुभकामाला तिघांनी जायचं नाही. मी नवी सून म्हणून आले तेव्हा अक्का "दोन, दोनावर एक, चार" असं मोजत असत. मी एकदा स्वयंपाकघरात चुकून "थ्री" म्हणाले. अक्का थबकल्या. त्यांनी वर छताकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं. काही पडलं नाही, काही उतू गेलं नाही.

"हे चालतंय की गं!" त्या म्हणाल्या. "इंग्रजीत दोष लागत न्हाय जनू."

"अक्का, अहो, आकडा तोच आहे!"

"तोच असता तर इंग्रजांचं येवढं राज्य झालं असतं व्हय?"

मी पुढची पोळी लाटायला घेतली.

तेव्हापासून थ्री आमच्याकडं जो शिरला तो शिरलाच. कुकरच्या थ्री शिट्ट्या. पंखा थ्रीवर. तुमचे बाबा दोन वर्षांचे झाले, मग थ्रीचे झाले, मग चारचे. सोफा थ्री सीटर, त्यावर बसायची माणसं मात्र दोन किंवा चार. संतोषची थ्री-फोर्थ चड्डी अक्कांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा "पैसे पुरते घेतले आन् कापड पाऊण दिलं" म्हणून त्या दुकानदाराशी भांडायला निघाल्या होत्या. जड पेटी उचलायची झाली तरी अक्का "वन, टू, थ्री" म्हणूनच उचलायला लावतात. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे शेतावरची थ्री फेज. साधी लाइट दिव्यापुरती, पण विहिरीवरची मोटर चालायला थ्री फेजच लागते आणि ती ठरलेले काही तासच येते. ती आली की माणसं हातातला घास टाकून पळतात. हा शेवटचा उपयोग तुमच्या वहीत ठळक लिहा. माझी फजिती याच्यामुळंच झाली.

तर मागच्या वर्षी थंडीत आम्ही संतोषसाठी मुलगी बघायला निघालो. संतोष चौतीस वर्षांचा, बीए झालेला, शेती करणारा, स्वभावानं सोनं. पण "मुलगा काय करतो?" "शेती" एवढं झालं की समोरची माणसं चहाचा कप खाली ठेवायची. अकरा ठिकाणी कप खाली ठेवून झाले होते! हे बारावं ठिकाण बेंबळीजवळच्या वस्तीवरचं. मुलगी वैशाली, शेतीचं शिक्षण घेतलेली, स्वतःची रोपवाटिका चालवणारी. "शेतकरी मुलगा चालेल" असं तिनं स्वतःच कळवलं होतं. असं वाक्य आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. अक्कांनी आदल्या दिवशी निरोप दिला, "हितं जमलं न्हाय तर म्या पुन्यांदा कुनाच्या दारात जानार न्हाय. बस्स झालं!" संतोषनं फक्त नवी पांढरी पँट इस्त्रीला दिली.

धाराशिवहून आम्ही चौघं निघालो. संतोष गाडी चालवायला, पुढं त्याचे मामा, मागं अक्का आणि मी. मी सर्वांसाठी पाण्याच्या बाटल्यांवर नावं चिकटवली होती. (हसू नका. प्रवासात यामुळं एकदाही वाद झालेला नाही.) बेंबळी जवळ आली आणि मामांचा फोन वाजला. त्यांची म्हैस व्यायला झाली होती.

"संतोष, थांबीव गाडी. मला परत जावं लागतंय."

"मामा, अवो, आज?"

"म्हशीला काय सांगू, पाव्हने आलेत म्हनून दम धर?"

मामा उतरले, समोरून येणाऱ्या जीपला लटकले आणि गेलेही! अक्कांनी संतोषकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "थ्री."

"आई, चल की आता. ती लोकं वाट बघायलीत."

"गाडी वळीव."

"आई!"

"अकरा डाव चौघं गेलो तर जमलं न्हाय. आता थ्री जाऊन जमंल व्हय? वळीव म्हनते ना!"

आरशात मला संतोषचा चेहरा दिसला. चौतीस वर्षांचा पुरुष, पण दहावीत नापास झालेल्या पोरासारखा. माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. मी म्हणाले, "अक्का, सोपं आहे. चौथा म्हणून दगड घेऊ." आमच्याकडं तिघं निघाले की बरोबर दगड किंवा सुपारी घ्यायची आणि ते चौथं माणूस समजायचं, असा जुना तोडगा आहे. सुपारी अक्कांनी घरी देवापुढं ठेवली होती.

अक्कांना पटलं. "पर चांगला बघून आन. पाव्हना म्हनून चाललाय त्यो."

वस्तीच्या वळणाआधी गाडी थांबली. संतोषला खाली पाय ठेवायची बंदी होती, पांढऱ्या पँटला चिखल लागला असता. मी उतरले आणि पद्धतशीरपणे निवड सुरू केली. पहिल्या दगडाखाली मुंग्या. दुसरा चिमटीत मावेल एवढा, त्याला पाहुणा कोण म्हणेल? तिसरा (लिहिताना चालतं, अक्का वाचत नाहीत) नेमका त्रिकोणी! आणि मग बांधाकडेला, एका कोरड्या पाटाच्या तोंडाशी, मला तो दिसला. काळा, गुळगुळीत, धुतल्यासारखा स्वच्छ, पाटाएवढा रुंद. त्याचा खालचा भाग कुणीतरी गोणपाटात नीट गुंडाळून ठेवला होता. मला वाटलं, या भागात माझ्यासारखं कुणीतरी नीटनेटकं राहतं. मी गोणपाट सोडवलं, झटकलं, त्याची चौकोनी घडी घातली आणि ती बांधावर ठेवली. दुसऱ्याची वस्तू घेतली तरी पसारा करू नये.

दगड दहा-बारा किलोंचा होता. अक्कांच्या शालीत घालून आम्ही दोघींनी "वन, टू, थ्री" म्हणत तो उचलला आणि मामांच्या जागी, पुढच्या सीटवर ठेवला. गाडी सुरू झाली आणि टिंग टिंग टिंग टिंग वाजायला लागली.

"हे काय आता?" अक्का दचकल्या.

"पट्टा लावा म्हणायलीय. सीटवर माणूस बसलाय, असं वाटतंय तिला," संतोष म्हणाला.

मी वाकून दगडाला पट्टा लावला. टिंग थांबलं. अक्का समाधानानं मागं रेलल्या. "बगितलंस? गाडीनं बी मानूस मानला त्याला."

वस्तीवर वैशालीचे वडील, तात्या, हात जोडून उभेच होते. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला मिरचीच्या रोपांचे ट्रे ओळीनं जमिनीवर ठेवलेले, शंभराच्या वर सहज असतील. ओळी इतक्या सरळ होत्या की मुलगी मला न बघताच पसंत पडली.

"या, या! किती जन आलाव?"

"चौघं!" अक्का म्हणाल्या. दारातच खरा आकडा सांगितला असता तर दगड आणून उपयोग काय?

तात्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. "चौथे पाव्हने?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. बाळांनो, मी कधीही खोटं बोलत नाही, त्या दिवशीही बोलले नाही. मी म्हणाले, "गाडीत बसलेत. त्यांना उतरायला जमत नाही."

"वय झालंय का?"

"बरंच."

"गुडघं धरलेत जनू?"

"गुडघे नाहीतच म्हणा ना."

"आरारारा!" तात्या कळवळले. "मंग आमी उचलून आनतो की!"

"नको, नको! जड आहेत."

संतोष खोकायला लागला. मी त्याला त्याचं नाव लिहिलेली बाटली दिली.

पोहे आले. चार बशा. खरं तर मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण तात्यांच्या आई, त्यांना सगळे माय म्हणतात, ऐंशीच्या पुढच्या, चौथी बशी घेऊन तुरुतुरु गाडीकडं निघाल्याही. काच अर्धी खाली, आत दगड शालीत गुरफटलेला, पट्टा लावलेला. आम्हाला अंगणातून मायचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"आवं पाव्हनं, पोहं घ्या की. लिंबू पिळलंय." थोडा वेळ शांतता. "तिखट खात न्हाय का? साखर देऊ?" पुन्हा शांतता. मग माय परत आल्या आणि तात्यांच्या कानात कुजबुजल्या. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून कुजबूज वस्तीभर गेली. "तात्या, पाव्हना रुसलाय. डोस्क्यावरनं शाल घिऊन मान खाली घालून बसलाय. एक शबूद बोलंना!"

तात्यांचा चेहरा उतरला. "आमचं काय चुकलं का, बाई? मानपान ऱ्हायला का काय?"

"छे, छे! त्यांचा स्वभावच तसा आहे. कमी बोलतात."

"कोन लागत्यात पोराचे?"

"तसे जवळचे नाहीत," मी म्हणाले. "वाटेतच भेटले."

अक्कांनी पदर तोंडात कोंबला. तात्यांची मात्र खात्री झाली की थोरला पाहुणा बिथरला आणि सोयरीक हातची गेली. ते आत जाऊन नवी टोपी आणि टॉवेल घेऊन आले. दगडाला आहेर! मी उठून त्यांच्या आडवी होणार, एवढ्यात वैशाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि त्याच क्षणी लांब विहिरीवर घर्र आवाज झाला.

"थ्री फेज आली!" माय टाळ्या वाजवून ओरडल्या. सगळ्यांचे चेहरे उजळले. मोटर आपोआप सुरू होते, असं तात्यांनी अभिमानानं सांगितलं. अक्काही खूश झाल्या, "बगा, थ्री आली, चांगला शकुन हाय!" वैशाली बसली. संतोषनं विचारलं, "रोपं मातीत न घेता कोकोपीटवर घेता का?" ती म्हणाली, "व्हय." अकरा ठिकाणांत झालं नव्हतं इतकं बोलणं झालं होतं! माझे डोळे भरून आले.

मग माझे पायही भरून आले.

खाली पाहिलं तर माझी एक चप्पल निघाली होती. एकटीच, फाटकाच्या दिशेनं. तिच्यामागं तात्यांचा जोडा, त्यामागं कुणाच्या तरी पोह्यांची बशी. पाणी घराच्या बाजूनं, कोपऱ्यातून, छान रुंद पसरत अंगणात येत होतं.

"दारं फुटलं!" तात्या ओरडले. पाटातून पाणी जिथून वळवतात त्या तोंडाला दारं म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकले. "वैशे, रोपं!"

वैशालीनं चहाचा ट्रे अक्कांच्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि पाटाकडं पळाली. संतोष तिच्यामागं. तात्या मोटर बंद करायला विहिरीकडं, टोपी-टॉवेल हातातच. विहीर दोन शेतं पलीकडं. अक्कांनी खुर्चीवर पाय वर घेतले आणि ट्रे सांभाळत देवाचं नाव घेऊ लागल्या. मी आणि माय मिरचीचे ट्रे उचलून ओट्यावर ठेवू लागलो. दोन उचलले की चार भिजत होते. आणि वळणावरून वैशालीचा आवाज आला,

"दगडच न्हाय! माय, दाऱ्यावरचा दगड कुनीतरी नेला!"

माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"गोनपाट तरी हाय का?" माय ओरडल्या.

"हाय की! बांधावर हाय. घडी घालून ठिवलंय!"

"घडी?" माय माझ्याकडं वळल्या. "आता चोर बी घड्या घालायलेत व्हय?"

खुर्चीवरून अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी माझी कपाटं पाहिलेली आहेत.

बोलले असते तर बारावं स्थळ गेलं असतं. न बोलले असते तर त्या पोरीची वर्षाची मेहनत वाहून गेली असती. खरं सांगते, मी दोन ट्रे उचलण्याएवढा वेळ गप्प राहिले. तेवढ्यात वळणावर नजर गेली. माती टिकत नव्हती, म्हणून आपला संतोष त्या दाऱ्यात स्वतःच बसला होता. पांढऱ्या पँटसकट, पाठीनं पाणी अडवून. शेजारी वैशाली खोऱ्यानं त्याच्या दोन्ही बाजूंना चिखल लिंपत होती. तो हळूच सरकला तर ती ओरडली, "हलू नका!" आणि तो हलला नाही.

मी गाडीकडं गेले. दार उघडलं, पट्टा काढला.

"माय," मी म्हणाले, "जरा हात लावा. चौथ्या पाहुण्यांना उतरवायचंय."

मायनी शाल उचलली. आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "ह्याला म्या साखर इच्यारली!"

आम्ही दोघींनी शालीतून तो दगड वळणापर्यंत नेला. मी सगळं सांगितलं, मामांच्या म्हशीपासून. वैशालीनं दगड गोणपाटात गुंडाळला, "उठा आता" म्हणून संतोषला बाजूला केलं आणि तो दाऱ्यात बसवला. पाणी थांबलं. मोटर बंद करून तात्या धापा टाकत आले, तेव्हा दगड जागेवर होता, मी चिखलात होते आणि संतोष कमरेपर्यंत मातीचा होता.

तात्यांनी दगडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या नव्या टोपीकडं. "म्हंजी मी… ही… ह्याला…?"

"हो," मी म्हणाले. "पण ते रुसलेले नव्हते. तेवढं मी खरं सांगितलं होतं."

कुणी हसेना. अक्का चहाचा ट्रे घेऊन तिथवर आल्या होत्या. (कुणी सांगितलं नाही म्हणून त्यांनी तो खाली ठेवला नव्हता.) त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "चला रं बाबा. जमत न्हाय आपल्याला."

तेव्हा वैशाली म्हणाली, "थांबा." तिनं खोरं बांधाला टेकवलं. "तात्या, आजवर चार पोरं येऊन गेली. समद्यांनी किती एकर हाय ते इच्यारलं. पानी आलं असतं तर खुर्ची उचलून मागं सरकली असती." मग तिनं संतोषकडं बघितलं आणि तोंड फिरवून हसली. "मुलगा चालतोय मला. पर काकूंना शेतात मोकळं सोडायचं न्हाय."

मायनी तिथंच संतोषच्या डोक्यावर टोपी ठेवली. चिखलानं भरलेला नवरा मी पहिल्यांदाच पाहिला. रोपांचे आठ ट्रे गेले. त्याबद्दल वैशालीनं मला पुढं दोन दिवस बोलावून बिया टोचायला बसवलं, आणि माझ्या ओळी सरळ येतात, असंही ती म्हणाली.

निघताना तात्यांनी मागच्या सीटवर भोपळे, मेथी आणि मिरच्यांची गोणी रचली. त्यात कशाबशा अक्का बसल्या. आणि मग सगळ्यांनी मोजलं. पुन्हा तेच. अक्का, संतोष आणि मी.

"दुसरा दगड दिऊ का?" तात्यांनी हळूच विचारलं. "कामाचा नसलेला एक हाय."

"नको, दादा," अक्का म्हणाल्या. "म्या, संत्या, ही आन् हिच्या डोस्क्यातला. भरले चार!"

वस्ती हसली, माय तर डोळे पुसत होत्या. मी मान ताठ ठेवून पुढच्या सीटवर जाऊन बसले. गाडी सुरू झाली आणि टिंग टिंग टिंग टिंग वाजू लागली. मघाशी त्या दगडासाठी वाजली होती, अगदी तशीच. बिचारीला काही फरक जाणवला नाही.